कृत्रिम माशी, गळाची

गळाने मासे धरण्याच्या छंदात आमिष म्हणून वापरण्यात येणारी कीटकाची किंवा लहानशा माशाची नक्कल. पिसे, लोकर, केस, रेशीम व धातूची पातळ फीत पोलादी आकड्यावर बांधून ती तयार करतात. रूढीने तिला ‘माशी’ म्हणत असले, तरी पुष्कळ माश्या कोणत्याही खऱ्या कीटकासारख्या दिसत नाहीत. यूरोपातील ट्राउट, सामन आणि नदीतून समुद्रात जाऊन परत येणारा समुद्री ट्राउट हे या आमिषाचे मुख्य लक्ष्य होय. हे थंड पाण्याचे मासे असून भारताच्या द्वीपकल्पीय नद्यांत ते मूळचे नाहीत. तथापि या माशीचा इतिहास भारतातील जंगलांशी निगडित आहे. कारण व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी माशीला जी झळाळी लाभली, ती बऱ्याच अंशी राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांनी. हा पक्षी सह्याद्री व सातपुड्याच्या जंगलांत राहतो आणि नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्याला लागून असलेल्या पेंच नदीच्या खोऱ्यात त्याच्या पूर्वेकडील वस्तीची सीमा येते.

रचना व बांधणी : समुद्री ट्राउट (साल्मो ट्रुटा) हा तपकिरी ट्राउटचाच स्थलांतर करणारा प्रकार आहे. तो समुद्रात पोसला जातो, अंडी घालण्यासाठी नदीत परततो आणि नदीत असताना फारसे खात नाही. दिवसा तो अतिशय बुजरा असतो. सावली हलली तरी दूर जातो. त्यामुळे त्याच्यासाठी गळ बहुधा उन्हाळ्यातील रात्री टाकतात. अंधारात माशाला माशीचे रंग ओळखू येण्याचा संभव कमी. आकार, आकाशाच्या फिकट पार्श्वभूमीवर उमटणारी काळी आकृती आणि पाण्यातील हालचाल यांनाच महत्त्व राहते. यामुळे समुद्री ट्राउटसाठी बांधल्या जाणाऱ्या उत्तम माश्या साध्या असतात.

अशा साध्या माशीचे उदाहरण म्हणून ‘ब्लॅक पेनेल’ ही माशी घेता येईल. हेन्री चोल्मंडली-पेनेल (१८३७–१९१५) या इंग्रज लेखकाच्या नावाने ती ओळखली जाते. आकडा लहान शेगड्यात वाकापाशी पकडून ठेवतात, म्हणजे दांडा व नेढे मोकळे राहतात. मेण लावलेला बारीक रेशमी धागा नेढ्याजवळून सुरू करून दांड्यावर वाकापर्यंत घट्ट गुंडाळतात. तेथे सोनेरी फेझंट या चिनी पक्ष्याच्या मानेवरील पिसांचे चार-सहा तंतू शेपटी म्हणून बांधतात. त्याच ठिकाणी चांदीच्या तारेचे टोक अडकवून धागा पुढे आणतात. काळ्या रेशमाने अंग भरले, की त्यावर तारेचे विरळ वेढे देतात. हे वेढे अंगाला चमक देतातच, पण माशाच्या दातांनी रेशीम तुटू नये हा त्यांचा खरा उपयोग होय. शेवटी नेढ्याच्या मागे काळ्या कोंबड्याच्या मानेवरील एक पीस दोन-तीन वेळा गुंडाळतात, त्यामुळे त्याचे तंतू पायांसारखे चोहोबाजूंनी उभे राहतात. धाग्याची गाठ त्याच्याच वेढ्यांखाली दाबून वर रोगणाचा थेंब लावला, की माशी पुरी झाली. सरावलेल्या हाताला यास दहा मिनिटेही लागत नाहीत. नवशिक्याची चूक बहुधा एकच असते : तो पिसे फार वापरतो आणि नेढ्यापाशी दोरी ओवायला जागाच उरत नाही.

इतिहास : आकड्यावर पिसे बांधण्याचा जुना व स्पष्ट उल्लेख रोमन लेखक ईलियन याच्या प्राणिविषयक ग्रंथात (इ. स. सु. २००) आढळतो. मॅसिडोनियातील लोक ठिपकेदार मासे धरण्यासाठी आकड्याभोवती लाल लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवीत, असे त्याने लिहिले आहे. त्यानंतर जवळजवळ तेरा शतकांनी, १४९६ मध्ये, इंग्लंडमध्ये छापलेल्या एका निबंधात बारा माश्यांची वर्णने आली. हा निबंध जूलिआना बर्नर्स या संन्यासिनीच्या नावावर सांगितला जातो, पण तिच्याविषयीचा पुरावा अगदीच तोकडा आहे. आयझाक वॉल्टन यांच्या १६५३ मधील प्रसिद्ध ग्रंथाला चार्ल्स कॉटन यांनी १६७६ मध्ये जोडलेल्या भागामुळे माशी बांधणे हा स्वतंत्र कौशल्याचा विषय ठरला. या काळातील माश्या घराच्या परसातील साहित्यातून होत : पाळीव कोंबडा, बदक, मेंढी, ससा. आकड्यांचा उद्योग पुढे सुयांसाठी नावाजलेल्या रेडिच गावी वाढला, हेही स्वाभाविकच होते. सुई आणि गळ या एकाच तारेच्या दोन वस्तू आहेत.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. ब्रिटिश साम्राज्याच्या बंदरांतून पिसांचा मोठा व्यापार लंडनला येऊ लागला. त्याचे मुख्य गिऱ्हाईक स्त्रियांच्या टोप्या बनविणारे कारागीर होते. माशी बांधणारे त्या मानाने फार थोडा माल घेत, पण निवडक घेत. ट्राउटसाठी खऱ्या कीटकांचे बारकाईने अनुकरण करण्याची परंपरा आल्फ्रेड रॉनल्ड्स यांच्या १८३६ मधील ग्रंथापासून दृढ होत गेली. सामनच्या माशीचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने झाला. सामन नदीत अन्न घेत नाही. तेव्हा त्याला कोणत्या कीटकाची नक्कल दाखवावी हा प्रश्नच उद्भवत नाही. या मोकळिकीचा फायदा घेऊन दक्षिण अमेरिका, आफ्रिका व आशिया येथील पक्ष्यांची पिसे एकाच आकड्यावर रचली जाऊ लागली. ‘जॉक स्कॉट’ ही स्कॉटलंडमधील शतकाच्या मध्यास बांधली गेलेली माशी या पद्धतीचा नमुना होय. जॉर्ज केल्सन यांनी १८९५ मध्ये या माश्यांना ग्रंथरूपाने शास्त्राचे रूप दिले आणि एखादे पीस बदलले तर मासा लागत नाही, इथवर मजल गेली. या मताला माशांकडून कधी पुष्टी मिळाली नाही. समुद्री ट्राउटच्या माश्यांवरही या थाटाची छाया पडली. ‘अलेक्झांड्रा’ या माशीला रुपेरी अंगावर मोराच्या पिसांतील हिरव्या तंतूंचे पंख असत, तर ‘डंकेल्ड’ या सोनेरी माशीच्या दोन्ही बाजूंस रानकोंबड्याची पिसे डोळ्यांसारखी बसवीत.

रानकोंबड्याचे पीस : राखी रानकोंबडा (गॅलस सोन्नेराती) हा केवळ भारतीय द्वीपकल्पात व त्याला लागून असलेल्या प्रदेशांत आढळणारा पक्षी आहे. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक प्येअर सॉनरा (१७४८–१८१४) यांनी १७८२ च्या प्रवासग्रंथात त्याचे वर्णन केले. पुढे टेमिंक यांनी १८१३ मध्ये सॉनरा यांच्याच नावावरून त्याचे वैज्ञानिक नाव ठेवले. नराच्या मानेवरील लांबट पिसांत एक वेगळेपण आहे. पिसाचा मधला कणा टोकाकडे रुंद होत जाऊन त्याचे पांढरट-पिवळसर, कठीण व चकचकीत ठिपके बनतात. हे ठिपके मेणाचे किंवा लाखेचे थेंब घट्ट बसवल्यासारखे दिसतात. पाण्यात भिजूनही त्यांची चमक जात नाही आणि काळ्या-करड्या पार्श्वभूमीवर ते लहान माशाच्या डोळ्यासारखे भासतात. इतर कोणत्याही पिसात हा गुण इतक्या नेमक्या रूपात नसल्यामुळे माशी बांधणाऱ्यांना हे पीस अपरिहार्य वाटू लागले. एका नराच्या मानेवर उपयोगी पडतील अशी पिसे मर्यादितच असतात आणि ती मिळविण्यासाठी पक्षी मारून मानेची कातडी पिसांसह काढावी लागते. व्यापारात विक्री या सबंध कातडीचीच होई.

या व्यापाराची कागदपत्रे लंडनच्या बाजूने विपुल आहेत. जंगलाच्या बाजूने जवळजवळ नाहीत. ‘जॉक स्कॉट’ हे नाव माशीबरोबर अजरामर झाले, पण तिच्यासाठी पक्षी फासात धरणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याच ग्रंथात येत नाही.

पिसांसाठी होणाऱ्या हत्येविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चळवळ उभी राहिली; १८८९ मध्ये तेथे पक्षिरक्षणासाठी संस्था स्थापन झाली. भारतात १८८७ च्या कायद्याने विणीच्या काळात रानपक्ष्यांची विक्री मर्यादित केली होती. परंतु निर्णायक पाऊल १९०२ मध्ये पडले. त्या वर्षी भारत सरकारने पाळीव पक्ष्यांखेरीज अन्य पक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास मनाई केली. शहामृगाची पिसे आणि अभ्यासासाठीचे नमुने तेवढे वगळले होते. ब्रिटनने स्वतः पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा १९२१ मध्ये केला, म्हणजे बाजारपेठेच्या देशाला जाग येण्यास आणखी एकोणीस वर्षे लागली. मनाईनंतरही चोरटी निर्यात चालू राहिली. स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण मिळाले, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही बंद झाले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९७३ च्या करारातील दुसऱ्या परिशिष्टात या पक्ष्याचा समावेश आहे.

मागणी मात्र संपली नाही. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात वाढविलेल्या रानकोंबड्यांची कातडी महागड्या दराने विकली जाते आणि प्लॅस्टिकची किंवा रोगणाने रंगविलेली नक्कलही मिळते. जुन्या सामन माश्या जशाच्या तशा बांधण्याचा छंद असलेल्यांपैकी बरेचजण त्या पाण्यात कधी टाकतही नाहीत. या छंदाचे टोक २००९ मध्ये दिसले. त्या वर्षी इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी माशी बांधणीतील एका तरुण तज्ञाने चोरली. त्यांत एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड रसेल वॉलिस यांनी जमविलेले नमुनेही होते.

याच्या उलट, समुद्री ट्राउटच्या हौशी मासेमारांत विसाव्या शतकात साधेपणाकडे परतण्याची वृत्ती दिसते. ह्यू फॉल्कस (१९१७–९६) यांच्या १९६२ मधील ग्रंथाने तिला बळ दिले. रात्री माशी कोठे टाकावी, किती खोल जाऊ द्यावी आणि कोणत्या वेगाने ओढावी यावर त्यांनी भर दिला. त्यांच्या स्वतःच्या माश्या रुपेरी दांडा, थोडे निळे पीस व बदकाच्या पिसाचा अरुंद पंख एवढ्यावर भागत. ज्या पिसासाठी एका खंडातील जंगलात पक्षी मारला जात होता, त्याच्यावाचून दुसऱ्या खंडातील मासा तितकाच लागत होता, हे या निमित्ताने सिद्ध झाले.

भारतातील प्रसार : गळाने मासे धरणे भारताला नवीन नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ त्यातील मराठीच्या प्राचीन अवशेषांमुळे परिचित आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळाची दोरी व काठी यांची माहिती या प्रकरणात आली असून मत्स्यवैज्ञानिक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याचे विवेचन केले. तेथील आमिषे खाद्यपदार्थांची आहेत. मासा काय खातो हे पाहून तेच त्याला द्यावे, ही ती दृष्टी होय. पिसांच्या माशीमागील विचार तिच्यापासून दूरचा आहे.

इंग्रज अधिकारी माशी घेऊन भारतात आले तेव्हा त्यांची गाठ महसीर माशाशी पडली. मुंबई इलाख्यात कर्नल साइक्स (१७९०–१८७२) यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीराचे वर्णन करताना ‘खुद्री’ हे स्थानिक नाव वैज्ञानिक नावात कायम ठेवले. एच. एस. टॉमस या मद्रासमधील सनदी अधिकाऱ्याच्या १८७३ मधील ग्रंथाने भारतातील गळाच्या पारधीला शिस्त लावली. माशीपेक्षा चमच्याच्या आकाराचे फिरते धातूचे आमिष महसीर अधिक ओढीने घेतो, हा अनुभव बहुतेकांना आला. नदीकाठच्या उंबराची पाण्यात पडणारी फळेही तो खातो. माशीचा उपयोग राहिला तो मुख्यतः चिलवा व तत्सम लहान माशांपुरता. या विषयावरील मॅक्डॉनल्ड यांचे पुस्तक मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. माशीला तिचा मासा मिळावा म्हणून खुद्द ट्राउटच भारतात आणण्याचे प्रयत्न झाले. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास तपकिरी ट्राउट आणि निलगिरीत १९०६-०७ नंतर इंद्रधनुषी ट्राउट रुजला. महाराष्ट्रातील नद्यांचे उन्हाळी पाणी या माशांना मानवणारे नाही. मुंबईच्या पवई तलावासारख्या ठिकाणी हौशी लोक गळ टाकतात, तो कटला व रोहू यांच्यासाठी आणि कणकेसारखे आमिष लावून.

देवाणघेवाणीची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या उत्तम काठ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात भारतीय भरीव बांबू कलकत्त्याहून जाई. पुढे चिनी बांबूने त्याची जागा घेतली. काठी आणि माशीवरचा डोळा ही दोन्ही या काळात भारतीय जंगलाची होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

पेंच खोरे : पेंच ही नदी छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून सातपुड्याच्या पायथ्याने महाराष्ट्रात येते आणि पारशिवनी तालुक्यातून वाहत जाऊन कन्हानला मिळते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह खुंटला, की खडकातील खोल डोह तेवढे उरतात. तोतलाडोह या नावात ही खूण राहिली आहे. जेम्स फॉर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील १८७१ मधील ग्रंथात तांबडा रानकोंबडा सालाच्या जंगलाबरोबर आढळतो, असे निरीक्षण नोंदविले. पेंचच्या महाराष्ट्रातील भागात सागाचे शुष्क पानझडी जंगल आहे. राखी रानकोंबड्याला ते मानवते. दोन जातींचे प्रदेश एकमेकांस भिडतात तो हाच पट्टा होय.

या नदीवर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे लोक म्हणजे ढीवर (धीवर) आणि जंगलातील गोंड. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ढीवरांची मासेमारी, पालखी वाहणे आणि शिंगाड्याची लागवड या व्यवसायांचे वर्णन आहे. त्यांची साधने जाळे, पिंजरा व गळ. गळाला गांडूळ, नाकतोडा किंवा पिठाचा गोळा. पिसांच्या माशीची त्यांना गरज पडली नाही, कारण त्यांचा मासा रात्रीच्या जेवणाचा वा बाजाराचा होता. हौशी इंग्रज लेखकांनी मात्र जाळी व डोहांतील विषप्रयोग यांवर सतत टीका केली. विषप्रयोगाबाबत ती रास्त होती. जाळ्याबाबत ती ज्याला मासा खेळवायचा आहे त्याने ज्याला मासा खायचा आहे त्याला दिलेला उपदेश होती.

पेंचच्या महाराष्ट्रातील जंगलाचा २५७ चौ. किमी. भाग १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाला आणि १९९९ मध्ये तेथे व्याघ्र प्रकल्प आला. दरम्यान तोतलाडोह येथे १६० मेगॅवॉट क्षमतेच्या जलविद्युत् प्रकल्पाचे धरण झाले; त्याच्या खालच्या अंगास पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरीच्या धरणातून सिंचनाला आणि नागपूर शहराला पाणी जाते. नदीचे डोह जलाशयाखाली गेले. वरच्या अंगास जाऊन अंडी घालणाऱ्या महसीरासारख्या माशांचा मार्ग धरणाने अडतो, तर स्थिर पाण्यात कटला-रोहू वाढतात. रानकोंबड्याला अभय देणाऱ्या कायद्यानेच या पाण्यातील मासेमारी प्रश्नास्पद ठरली. मध्य प्रदेश शासनाने १९९६ मध्ये उद्यानाच्या हद्दीतून उठलेल्या गावांतील आदिवासींना जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्यांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये निर्णय देताना परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्रासह ओळखपत्र, तपासणी नाके, पकडलेल्या माशांची रोजची नोंद आणि काठावर चूल न पेटविणे अशा अटी घातल्या. उपजीविकेचा प्रश्न पर्यावरणाइतकाच न्यायालयापुढे होता. महाराष्ट्राच्या बाजूस मासेमार व वनखाते यांच्यात यानंतरही वारंवार संघर्ष झाले आणि २००२ मध्ये तोतलाडोह येथील वस्ती हटविण्यात आली. वनहक्कांविषयीच्या २००६ च्या कायद्यात पाण्यातील मासे व अन्य उत्पादने यांवरील सामूहिक हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे.